महात्मा जोतीराव फुले : पाण्याच्या प्रश्नाचा विचार

स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून जोतीराव फुले (१८२७–१८९०) तुम्हांला परिचित आहेत. या उपघटकात त्यांच्या चरित्राचा विचार पाण्याच्या प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. त्यांचा जन्म मात्र पुण्यात झाला. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरातील पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. गावात पाणी असूनही या लोकांना ते घेता येत नव्हते. टंचाई केवळ पावसाने निर्माण होत नाही, ती समाजव्यवस्थाही निर्माण करते.

जिराईत शेतीचे उत्पन्न अनिश्चित, सरकारी सारा मात्र ठरलेला आणि रोख. ही तूट सावकाराच्या कर्जाने भरून निघे. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जखते जाळली. पुढच्याच वर्षी पाऊस हुकला आणि भीषण दुष्काळ पडला. तेव्हा सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालविला.

परंतु अन्नदान हा तात्पुरता उपाय आहे, हे जोतीराव जाणून होते. १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी कायमचे उपाय मांडले. पावसाबरोबर सुपीक माती वाहून जाऊ नये म्हणून बांधबंदिस्ती करावी; जागोजाग तलाव व धरणे बांधून पाणी जमिनीत मुरू द्यावे, म्हणजे विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहील; पाणाड्यांकडून झऱ्यांचा शोध घेऊन ते गावाच्या नकाशात दाखवावेत; आणि या कामी सरकारने पलटणी व पोलीस यांचे श्रम वापरावेत, अशा त्यांच्या सूचना आहेत. पाटबंधारे खात्याच्या जबर पाणीपट्टीवर व बेपर्वाईवरही त्यांनी कठोर टीका केली. मात्र कालव्याच्या पाण्याला त्यांचा विरोध नव्हता. मांजरी येथे जमीन घेऊन त्यांनी स्वतः त्या पाण्यावर बागायत करून दाखविली.

यावरून तुमच्या लक्षात येईल की, जोतीरावांच्या दृष्टीने जात, कर्ज आणि पाणी हे तीन वेगळे प्रश्न नव्हते. ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचताना हा संबंध शोधा. आपल्या गावातील अथवा वस्तीतील पाणी कोणाला सहज मिळते व कोणाला मिळत नाही, याचे निरीक्षण करून एक टिपण लिहा.