न दाखविलेल्या चित्रपटाचे संगीत

एखाद्या चित्रपटासाठी संगीत रचले जावे, तो चित्रपट पडद्याआडच राहावा आणि संगीताने मात्र पुढील साठ वर्षे लोकांच्या घरोघरी वास करावा, असा योग कलेच्या इतिहासात क्वचितच येतो. अमेरिकन जॅझ पियानोवादक व्हिन्स ग्वाराल्डी यांच्या वाट्याला तो आला. वृत्तपत्रातील एका हास्यचित्रमालिकेवरून सुचलेली त्यांची ध्वनिमुद्रिका १९६४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ज्या अनुबोधपटासाठी ती रचली गेली होती तो विकत घ्यावयास एकही दूरचित्रवाणी संस्था तयार नव्हती. फर्मायशीवरून निर्माण झालेली कला दुय्यम प्रतीची आणि मुलांच्या विषयावरील कला तर त्याहूनही हलकी, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. ग्वाराल्डी यांच्या जीवनाकडे पाहिले म्हणजे तो समज किती तकलादू आहे याची प्रचीती येते.

ग्वाराल्डी यांचा जन्म १७ जुलै १९२८ रोजी सान फ्रान्सिस्को येथे झाला. नॉर्थ बीच या इटालियन वस्तीत ते वाढले. त्यांचे दोन्ही मामा, मझी आणि जो मार्सेलिनो, वाद्यवृंदाच्या व्यवसायात होते. संगीताचा वारसा आजोळाकडून आला तो असा. निसर्गाने मात्र या पियानोवादकाला हात लहान दिले होते. इतर वादक ज्या दूरच्या पट्ट्या सहज एकत्र दाबू शकत, त्या गाठताना त्यांची बोटे अपुरी पडत. तरुणपणी एका वृत्तपत्राच्या छापखान्यात उमेदवारी करीत असता अपघातात एक बोट गमावण्याची वेळ आली होती. कोरियन युद्धाच्या काळात त्यांनी सैन्यात आचाऱ्याचे काम केले. पुढे कॅल जेडर यांच्या लहानशा वाद्यमेळात व वुडी हर्मन यांच्या विख्यात वाद्यवृंदात त्यांची उमेदवारी पार पडली. विद्यापीठीय पांडित्यापेक्षा रात्रीच्या क्लबांतील कसरतीतूनच त्यांचा हात तयार झाला.

मार्सेल कामू या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९५९ सालच्या ‘ब्लॅक ऑर्फियस’ या चित्रपटातील ब्राझिली सुरावटींवर आधारलेली त्यांची ध्वनिमुद्रिका १९६२ मध्ये निघाली. तीत त्यांनी स्वतःची एक रचना घातली होती. ‘कास्ट युवर फेट टू द विंड’, म्हणजे नशीब वाऱ्यावर सोपवून द्या, असे तिचे नाव. या ध्वनिमुद्रिकेतील दोन रचनांची एक लहान तबकडी विक्रीस काढताना प्रकाशकांनी ही रचना मागच्या बाजूस टाकली. सॅक्रामेंटो येथील एका नभोवाणी निवेदकाने तबकडी उलटून तीच बाजू वाजवावयास सुरुवात केली आणि बघता बघता ती लोकप्रिय झाली. १९६३ मध्ये जॅझमधील सर्वोत्कृष्ट स्वतंत्र रचनेचा ग्रॅमी पुरस्कार तिला मिळाला.

हीच रचना सान फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून टॅक्सीने जात असता ली मेंडेल्सन या निर्मात्याच्या कानी पडली. मेंडेल्सन त्या वेळी चार्ल्स शुल्झ या चित्रकारावर अनुबोधपट काढीत होते. शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका २ ऑक्टोबर १९५० पासून सात वृत्तपत्रांत सुरू झाली होती. तिच्या जगात वडीलमाणसे दिसत नाहीत. चार्ली ब्राउन हा तिचा नायक चेंडूफळीचा जवळजवळ प्रत्येक सामना हरतो, त्याचा पतंग नेमका झाडात अडकतो, तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मैदानावर हजर असतो. वाचक हसतो खरा, परंतु त्या हसण्याच्या तळाशी एकटेपणाची बारीक कळ असते.

अशा विषयाला कोणीही सराईत संगीतकार खुळखुळ्याचा नाद देऊन मोकळा झाला असता. ग्वाराल्डी यांनी तसे केले नाही. काही आठवड्यांतच त्यांनी मेंडेल्सन यांना दूरध्वनीवरून एक धून ऐकविली. ‘लायनस अँड ल्यूसी’ या नावाने ती पुढे जगभर गेली. तीत डावा हात एकच आकृती हट्टाने फिरवीत राहतो आणि त्या ठेक्यावर उजवा हात बागडतो. हट्ट आणि बागडणे, बालपणाचे दोन्ही स्वभाव त्या दोन हातांत आले. मॉन्टी बडविग यांचा बास आणि कॉलिन बेली यांचे ड्रम यांच्या साथीने त्यांनी एकूण नऊ रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत शब्द नाहीत; पण जॅझचा प्राण जी उपज, तिला पूर्ण वाव आहे. मुलांसाठी म्हणून तिला कात्री लावलेली नाही. मुक्या रेषांना अशा रीतीने चाल मिळाली आणि स्वरही मिळाला.

अनुबोधपट विकला गेला नाही, पण हे श्रम वाया गेले नाहीत. १९६५ मध्ये कोका-कोला कंपनीने नाताळासाठी याच मुलांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम मागितला. तो तयार झाल्यावर सीबीएसच्या अधिकाऱ्यांचे चेहरे उतरले. गती संथ, आवाज खऱ्याखुऱ्या मुलांचे, कृत्रिम हशा नाही आणि नाताळच्या पवित्र प्रसंगी जॅझ! तथापि ९ डिसेंबर रोजी त्या वेळी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांनी तो पाहिला. एमी आणि पीबडी हे दोन्ही सन्मान त्याला लाभले. त्यात सान राफाएल येथील चर्चच्या मुलांनी गायिले आहे. याच चर्चच्या गायकवृंदासह त्याच वर्षी २१ मे रोजी ग्रेस कॅथीड्रलमध्ये ग्वाराल्डी यांनी जॅझच्या अंगाने उपासनासंगीत सादर केले होते. मुलांच्या गाण्यातील किंचित कच्चेपणा त्यांनी पुसून टाकला नाही. बालस्वराची खूण म्हणून तो तसाच राहू दिला.

ग्वाराल्डी यांचे संगीत गोड, पण हलके, असा आक्षेप जाणकारांकडून घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. १९६४ च्याच डिसेंबरमध्ये जॉन कोल्ट्रेन यांनी ‘अ लव्ह सुप्रीम’ ध्वनिमुद्रित करून जॅझला एका वेगळ्याच आध्यात्मिक उंचीवर नेले. त्या उंचीशी ग्वाराल्डी यांनी कधी स्पर्धा केली नाही. परंतु शिखर गाठणे हे जसे कलेचे काम, तसेच उंबरठा ओलांडून घरात येणे हेही तिचेच काम होय. ज्यांनी जॅझच्या क्लबात कधी पाऊल टाकले नसते, अशा असंख्य मुलांच्या कानांवर हे संगीत पहिला संस्कार म्हणून पडले. आपण काय ऐकतो आहोत, हे त्यांना ठाऊकही नव्हते. श्रोत्यांचे वय पाहून कसात घट न करणे, हा गुण दुर्मिळ आहे. मुलांसाठी लिहिणारे आणि मुलांना शिकविणारे यांनी त्याची किंमत ओळखावी.

पुढील दहा वर्षे या मुलांवरील कार्यक्रमांना ते संगीत देत राहिले; क्लबांतील वादनही त्यांनी सोडले नाही. ६ फेब्रुवारी १९७६ रोजी चार्ली ब्राउनवरील आणखी एका कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आटोपून ते रात्री मेन्लो पार्क येथील क्लबात वाजवावयास गेले. दोन बैठकींमधील विश्रांतीत त्यांचे हृदय बंद पडले. वय अवघे सत्तेचाळीस. नाताळच्या त्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत समाविष्ट केली. शुल्झ यांचे निधन १२ फेब्रुवारी २००० रोजी झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची अखेरची रविवारची चित्रमालिका छापून आली. चित्रकार गेला, वादक त्याच्या आधीच गेला होता. पण सतत हरणाऱ्या त्या मुलाची चेष्टा न करता त्याच्या सोबतीने चालणारी ती धून दर नाताळात पुन्हा ऐकू येते.