झायडेकोचा राजा : क्लिफ्टन शेनियर

अकॉर्डियन म्हटलं की मला पहिल्यांदा क्लिफ्टन शेनियर आठवतो. 1925 साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, ओपेलुसासजवळ, एका कृष्णवर्णीय क्रिओल शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. वडील अकॉर्डियन वाजवायचे. क्लिफ्टन उसाच्या शेतात राबला, पुढे टेक्ससमध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यात. घरची भाषा फ्रेंच. पण शाळांत तिला बंदीच होती. ती त्याने गाण्यात जपली.

गावाकडच्या नाचगाण्यांना त्याने ब्लूजची जोड दिली आणि झायडेको संगीत घराघरांतून मोठ्या मंचावर नेलं. कपडे घासायच्या पन्हाळी पत्र्यावर ताल धरायची तिथे रीतच होती. 1946 मध्ये त्याने तो पत्रा खांद्यांवरून छातीवर चढवता येईल असा बनवून घेतला. भाऊ क्लीव्हलंड तो वाजवायचा.

1964 नंतरच्या ध्वनिमुद्रणांत कंपनीवाल्याला जुनी फ्रेंच गाणी हवी होती, क्लिफ्टनला ब्लूज. शेवटी दोन्ही झालं! 1984 मध्ये ग्रॅमी मिळालं. मधुमेहाने पाय अधू झाला, डायलिसिस सुरू झालं, तरी डोक्यावर मुकुट घालून तो वाजवतच राहिला. 12 डिसेंबर 1987 रोजी तो गेला.

महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या आपल्याला त्याची धडपड वेगळी समजावून सांगायला नको. भाषा नुसती जपून टिकत नाही, तिच्यावर लोकांचे पाय थिरकावे लागतात, हे मी त्याच्याकडून शिकलो.