गाठीचे अंतरंग वाचणारे डॉ. खानोलकर

मांडीत किंवा दंडात वाढणारी गाठ साधी की घातक, आणि घातक असल्यास किती उग्र, यावर रुग्णाचा अवयव आणि अनेकदा प्राणही अवलंबून असतो. ही उग्रता पेशींच्या रूपावरून जोखणाऱ्या विकृतिशास्त्राचा भारतात भक्कम पाया घातला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी.

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी संपादन केली. मानमरातब शल्यविशारदाच्या वाट्याला. ऊतींचे काप न्याहाळणारा पडद्याआड. तरीही त्यांनी हीच वाट पत्करली. मुंबईत अध्यापन केल्यानंतर, १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या जालन्याहून परळ गाठायचे, तर मीटरगेजने मनमाडला येऊन गाडी बदलावी लागे.

खानोलकरांची नजर काचपट्टीवरच थांबली नाही. रुग्ण काय नेसतो, काय चघळतो, याचाही त्यांनी शोध घेतला. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या सततच्या काचाने त्वचेला होणारा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये सहकाऱ्यासह जगापुढे मांडला. धोतर नेसून दिवसभर रानात राबणाऱ्या मराठवाड्याला हा विषय परका नव्हता. पुढे ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी जेमतेम सव्वा वर्ष, जुलै १९७७ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये माणसाच्या शरीराचे पहिले एमआरआय चित्र घेतले गेले होते.

आज मऊ ऊतींच्या संशयास्पद गाठींत सहसा एमआरआयवाचून पाऊल उचलले जात नाही. गाठ केवढी, स्नायूंच्या आवरणाखाली किती खोल, आत मृत भाग किती, भोवती सूज आहे का, हे सारे चित्रात दिसते आणि श्रेणीचा अंदाज बांधता येतो. परंतु अंदाज चुकतोही. सौम्य भासणारी गाठ आतून उग्र निघते. म्हणून बायॉप्सीची सुई गाठीच्या नेमक्या कोणत्या भागात घालावी, हे दाखवणे हा या चित्राचा मोठा उपयोग. पेशी मूळ ऊतीपासून किती दुरावल्या, त्यांचे विभाजन किती वेगाने चालले आहे आणि किती भाग मृत झाला आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच अंतिम श्रेणी लिहिली जाते.