एडवर्ड वेस्टन

एडवर्ड हेन्री वेस्टन (जन्म : २४ मार्च १८८६, हायलंड पार्क, इलिनॉय, मृत्यू : १ जानेवारी १९५८, कार्मेल, कॅलिफोर्निया) हे विसाव्या शतकातील एक अग्रगण्य अमेरिकन छायाचित्रकार होते. ढोबळी मिरची, शिंपला, कोबीचे पान, वाळूची टेकडी, खडक अशा एकेकट्या वस्तूंची त्यांनी काढलेली कृष्णधवल छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. दृश्यातील अनावश्यक ते सर्व वगळून केवळ आकार, पृष्ठभाग आणि प्रकाश एवढ्यांवर चित्र उभे करणे हे त्यांच्या कामाचे मुख्य लक्षण होय. मिनिमलिझम हा शब्द कलाक्षेत्रात रूढ झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९६०च्या दशकात. वेस्टन यांनी तो स्वतःसाठी कधीच वापरला नाही. तरीही कृष्णधवल छायाचित्रणातील अल्पतमवादाची चर्चा त्यांना वगळून पुढे जात नाही.

बालपण आणि शिक्षण

वेस्टन यांचे वडील डॉक्टर होते, तर आई शेक्सपिअरच्या नाटकांतून काम करणारी अभिनेत्री होती. ते पाच वर्षांचे असताना आईचे निधन झाले आणि त्यांचा सांभाळ मुख्यतः थोरली बहीण मेरी हिने केला. शाळेत त्यांचे मन रमले नाही. सोळाव्या वाढदिवसाला वडिलांनी त्यांना कोडॅक कंपनीचा एक साधा कॅमेरा भेट दिला. शिकागोतील उद्याने आणि मावशीचे शेत हे त्यांचे पहिले विषय.

१९०६ साली ते बहिणीपाठोपाठ कॅलिफोर्नियातील ट्रोपिको (आताचे ग्लेनडेल) येथे गेले. काही काळ रेल्वेच्या भूमापनात नोकरी करून ते दारोदार फिरून छायाचित्रे काढू लागले. १९०८ मध्ये इलिनॉय कॉलेज ऑफ फोटोग्राफी या संस्थेचा अभ्यासक्रम त्यांनी मुदतीआधीच पुरा केला; मात्र संपूर्ण मुदतीचे शुल्क भरल्याखेरीज संस्था पदविका देईना, म्हणून ते पदविकेविनाच परतले. १९०९ साली त्यांचा विवाह शिक्षिका असलेल्या फ्लोरा चँडलर यांच्याशी झाला. त्यांना चँडलर, ब्रेट, नील आणि कोल असे चार मुलगे झाले.

ट्रोपिकोतील स्टुडिओ

१९११ मध्ये वेस्टन यांनी ट्रोपिकोत स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्या काळी कलात्मक छायाचित्र म्हणजे चित्रकलेचा आभास निर्माण करणारे छायाचित्र, असा समज प्रबळ होता. या पंथाला पिक्टोरियालिझम म्हणत. मऊ भिंगातून रेषा धूसर करायच्या, प्रकाश स्वप्नवत ठेवायचा आणि निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवून चेहऱ्यावरील सुरकुत्या मिटवायच्या, ही त्याची रीत. वेस्टन या रीतीत निष्णात होते. त्यांना पारितोषिके मिळाली आणि १९१७ मध्ये लंडन सलोन या प्रतिष्ठित मंडळावर त्यांची निवड झाली. पुढे त्यांनी जे जे टाकून दिले, ते सर्व त्यांना उत्तम येत होते. त्यामुळे त्यांचा त्याग अकौशल्यातून आला असे म्हणता येत नाही.

या टप्प्यावर त्यांच्यावर सर्वांत मोठा प्रभाव पडला तो मार्ग्रेथ मॅदर या छायाचित्रकर्तीचा. कोरी भिंत, एखादी सावली आणि चौकटीच्या कडेला सरकवलेली एकच व्यक्ती अशी मॅदर यांची मांडणी होती. रिकामी जागा हीच चित्राचा अर्धा भाग असू शकते, हा धडा वेस्टन यांनी त्यांच्याकडून घेतला. आपल्या आयुष्यातील पहिली महत्त्वाची व्यक्ती म्हणून त्यांनी मॅदर यांचे ऋण मान्य केले असले, तरी छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांचे नाव बराच काळ वेस्टन यांच्या आड राहिले.

१९२२ साली बहिणीला भेटण्यासाठी ते ओहायो राज्यातील मिडलटाऊन येथे गेले. तेथील आर्मको पोलाद कारखान्याच्या धुराड्यांची जी छायाचित्रे त्यांनी काढली, त्यांत धूसरपणा जवळजवळ उरला नाही. उंच नळकांडी, त्यांच्यातील अंतर आणि मागे आकाश एवढेच त्यांत आहे. तेथून न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी आल्फ्रेड स्टीग्लिट्झ, पॉल स्ट्रँड आणि चार्ल्स शीलर यांची भेट घेतली. स्टीग्लिट्झ यांनी त्यांची चित्रे काटेकोरपणे तपासली. काहींची प्रशंसा केली, तर काहींतील दोष बोट ठेवून दाखवले.

मेक्सिको

१९२३ मध्ये वेस्टन यांनी चालता स्टुडिओ आणि कुटुंब मागे ठेवून मेक्सिकोची वाट धरली. सोबत टीना मोदोत्ती आणि थोरला मुलगा चँडलर होता. फ्लोरा उरलेल्या तीन मुलांसह कॅलिफोर्नियात राहिल्या आणि घरखर्चाचा मोठा भार त्यांच्या शिक्षिकेच्या पगारावर पडला. वेस्टन यांच्या चित्रांतील साधेपणाचे गुणगान करताना या बाजूचा उल्लेख सहसा होत नाही. पतिपत्नींचा रीतसर घटस्फोट मात्र १९३७ साली झाला.

मेक्सिको तेव्हा क्रांतीनंतरच्या सांस्कृतिक जागृतीने भारलेला होता. दिएगो रिव्हेरा, होसे क्लेमेंते ओरोस्को आणि दाविद आल्फारो सिकेरोस या चित्रकारांनी वेस्टन यांचे स्वागत केले. येथे त्यांनी काढलेल्या व्यक्तिचित्रांत स्टुडिओतील पडदे व खुर्च्या नाहीत. ग्वादालुपे मारीन आणि मानुएल हेर्नांदेझ गाल्व्हान यांची चित्रे म्हणजे भर उन्हात, आकाशाच्या पार्श्वभूमीवर जवळून टिपलेली केवळ मस्तके आहेत. गाल्व्हान यांचे चित्र ते नेमबाजी करत असताना घेतलेले आहे. पण बंदूक चौकटीबाहेर ठेवली असून चेहऱ्यावरील ताण तेवढा आत आहे.

ऑक्टोबर १९२५ मध्ये त्यांनी आपल्या घरातील चिनी मातीच्या शौचकूपाची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. सुमारे दोन आठवडे ते या एकाच विषयात गुंतले होते. कॅमेरा जवळजवळ जमिनीलगत ठेवून त्यांनी त्या पांढऱ्या वस्तूचे वळण एखाद्या ग्रीक शिल्पाप्रमाणे टिपले. ‘एस्कुसादो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रात विनोदाचा किंवा धक्का देण्याचा हेतू नव्हता. विषय थोर असल्याने चित्र थोर होत नाही, ते पाहण्याच्या एकाग्रतेने होते, असा त्यांचा आग्रह होता.

शिंपले आणि मिरच्या

१९२६ च्या अखेरीस वेस्टन कायमचे कॅलिफोर्नियाला परतले. पुढच्या वर्षी हेन्रिएटा शोअर या चित्रकर्तीच्या घरी त्यांनी शिंपल्यांची चित्रे पाहिली आणि तिच्याकडचेच शिंपले घेऊन काम सुरू केले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर उभा असलेला नॉटिलस शिंपला हे या मालिकेतील सर्वपरिचित चित्र आहे. अगदी लहान छिद्र, मंद प्रकाश आणि त्या काळची संथ फिल्म यांमुळे एकेका चित्रासाठी कित्येक तास भिंग उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात रस्त्यावरून एखादे जड वाहन गेले किंवा घरातील मूल धावले, तरी शिंपला हलून सारी मेहनत वाया जाई.

मोदोत्ती यांनी ही चित्रे मेक्सिकोत दाखवली तेव्हा रिव्हेरा आणि ओरोस्को यांना त्यांत तीव्र शृंगारिकता जाणवली. वेस्टन यांना याचे आश्चर्य वाटले; आपल्या मनात शिंपल्यावाचून दुसरे काही नव्हते, असे त्यांनी दैनंदिनीत नोंदवले आहे. हा वाद आजही मिटलेला नाही. चित्रातून संदर्भ काढून घेतले की पाहणाऱ्याचे मन रिकाम्या जागी स्वतःचे संदर्भ भरते. वेस्टन यांनी जितके कमी दाखवले, तितके त्यांच्या चित्रांवर अधिक अर्थ लादले गेले.

१९२९ मध्ये ते कार्मेल येथे स्थायिक झाले. ऑगस्ट १९३० च्या आरंभी सोन्या नॉस्कोविआक यांनी आणलेल्या ढोबळ्या मिरच्यांची त्यांनी काही दिवसांत सुमारे तीस छायाचित्रे घेतली. पांढरा पुठ्ठा किंवा कापड मागे धरून केलेले आधीचे प्रयत्न त्यांना समाधानकारक वाटले नव्हते. या वेळी त्यांनी पत्र्याचे एक नरसाळे आडवे ठेवून त्याच्या तोंडात मिरची बसवली. नरसाळ्याच्या आतील बाजूने परावर्तित झालेला मऊ प्रकाश मिरचीच्या सर्व वळणांवर पसरला आणि मागे खोल काळोख राहिला. ‘मिरची क्रमांक ३०’ हे त्यांचे सर्वाधिक प्रसिद्ध चित्र असे तयार झाले. त्यात पाठमोरे शरीर, आवळलेली मूठ, आलिंगन असे काय काय पाहिले गेले आहे. वेस्टन यांच्या मते ती मिरचीच होती, फक्त पूर्णपणे पाहिलेली. काम संपल्यावर या मिरच्या घरात खाल्ल्या जात, यावरून मित्र त्यांची थट्टाही करत. कोबीचे पान, केळी, अंडी कापण्याचे यंत्र आणि रुग्णाचे शौचपात्र यांची चित्रेही याच सुमाराची आहेत.

कार्यपद्धती

वेस्टन यांची साधने मोजकी होती. तिपाईवर उभा केलेला ८ × १० इंचांचा कॅमेरा हे त्यांचे मुख्य साधन होते. एन्लार्जर ते वापरत नसत. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, वर टांगलेल्या उघड्या दिव्याच्या प्रकाशात ते कॉन्टॅक्ट प्रिंट काढत. त्यामुळे चित्राचा आकार निगेटिव्हएवढाच राही. नंतर कातरछाट करून चित्र सुधारण्याची सवय त्यांना मान्य नव्हती. कॅमेऱ्याच्या मागील काचेवर उलट्या दिसणाऱ्या प्रतिमेतच अंतिम चित्र पाहता आले पाहिजे, असे ते मानत. प्लॅटिनम व पॅलेडियमचा खडबडीत कागद सोडून ते पुढे चकचकीत रुपेरी कागदाकडे वळले, कारण त्यावर बारीकसारीक पोत आणि गडद काळा रंग अधिक स्पष्ट उमटे.

उदरनिर्वाहासाठी मात्र त्यांना बराच काळ गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवरील सुरकुत्या मिटवाव्या लागल्या आणि याची त्यांना मनस्वी चीड होती. १९३०च्या दशकात त्यांनी रीटचिंग न केलेलीच व्यक्तिचित्रे देण्याचे ठरवले. उत्पन्न घटले, पण निर्णय बदलला नाही.

एफ/६४ गट

१९३२ मध्ये अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स, विलार्ड व्हॅन डाइक, इमोजेन कनिंगहॅम, नॉस्कोविआक आदी छायाचित्रकारांसोबत वेस्टन एफ/६४ या गटात सहभागी झाले. नाव भिंगाच्या अतिशय लहान छिद्रावरून घेतले आहे. छिद्र जितके लहान, तितकी जवळची व दूरची वस्तू एकाच वेळी स्पष्ट येते. गटाचे पहिले प्रदर्शन त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात भरले. गट फार काळ टिकला नाही, पण धूसर छायाचित्रणाची प्रतिष्ठा त्यानंतर ओसरली.

महामंदी आणि फॅसिझमच्या त्या दिवसांत खडकांची आणि भाज्यांची छायाचित्रे काढणे हे समाजाकडे पाठ फिरवणे आहे, असा आक्षेप डाव्या विचारांच्या समीक्षकांनी घेतला. जग कोसळत असताना अ‍ॅडम्स आणि वेस्टन खडक टिपत बसले आहेत, अशा अर्थाचे मत आँरी कार्तिये-ब्रेसाँ यांच्या नावावर सांगितले जाते. वेस्टन यांनी आपला विषय बदलला नाही.

वाळू, प्रवास आणि युद्ध

१९३४ मध्ये वेस्टन यांची ओळख कॅरिस विल्सन यांच्याशी झाली. १९३६ मध्ये ओशियानो येथे घेतलेल्या वाळूच्या टेकड्यांच्या छायाचित्रांत क्षितिजही क्वचितच दिसते. उन्हाची एक कड, सावलीचे एक मैदान आणि वाऱ्याने उमटवलेल्या लाटा एवढ्यावर संपूर्ण चौकट पेललेली आहे. १९३७ साली त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार होत. २,००० डॉलरच्या या रकमेवर दोघांनी मोटारीने कॅलिफोर्निया व आसपासची राज्ये पालथी घातली. गाडी विल्सन चालवत आणि नोंदीही त्याच ठेवत. पुढे ‘कॅलिफोर्निया अँड द वेस्ट’ (१९४०) या पुस्तकाचा मजकूर त्यांनीच लिहिला. १९३९ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि कार्मेलजवळच्या वाइल्डकॅट हिल येथील साध्या लाकडी घरात ते राहू लागले. घर मुलगा नील याने बांधले होते.

दुसऱ्या महायुद्धात पॉइंट लोबोसचा किनारा लष्कराच्या ताब्यात गेल्याने वेस्टन यांना घराच्या आवारातच काम करावे लागले. तेव्हा त्यांनी आपल्या अनेक मांजरांची छायाचित्रे काढली. त्यांच्या शिस्तबद्ध कामात ही चित्रे काहीशी उनाड वाटतात. मांजरांना नरसाळ्यात बसवणे शक्य नव्हते.

आजारपण आणि मृत्यू

१९४५ च्या सुमारास त्यांच्यात पार्किन्सन रोगाची लक्षणे दिसू लागली. पुढच्या वर्षी विल्सन यांच्याशी घटस्फोट झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने नॅन्सी न्यूहॉल यांच्या संयोजनाखाली त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकन प्रदर्शन भरवले. १९४८ मध्ये पॉइंट लोबोस येथे विखुरलेल्या गोट्यांचे छायाचित्र घेतल्यानंतर त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, तो कायमचाच. तेव्हा ते ६२ वर्षांचे होते.

थरथरत्या हातांमुळे डार्करूममध्ये काम करणे अशक्य झाल्यावर ब्रेट यांनी वडिलांच्या देखरेखीखाली प्रिंट काढण्याची जबाबदारी घेतली. १९५२ मध्ये कारकिर्दीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १२ चित्रांचा एक संच प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत वेस्टन यांनी स्वतः निवडलेल्या आठशेहून अधिक निगेटिव्हच्या प्रती तयार करण्यात आल्या. आयुष्यभर वगळत आलेल्या माणसाला आपल्या सर्व कामातून पुन्हा निवड करावी लागली, आणि प्रत्येक प्रिंट मान्य किंवा अमान्य करण्याचा अधिकार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

१ जानेवारी १९५८ रोजी वाइल्डकॅट हिल येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पॉइंट लोबोस येथील पेबली बीचवर विसर्जित करण्यात आल्या. या किनाऱ्याला आता वेस्टन बीच म्हणतात.

वेस्टन यांनी १९२३ पूर्वीच्या दैनंदिन्या स्वतःच नष्ट केल्या आणि उरलेल्यांतील काही मजकूर पात्याने कापून काढला. शिल्लक राहिलेल्या दैनंदिन्या न्यूहॉल यांनी संपादित करून दोन खंडांत (१९६१ व १९६६) प्रसिद्ध केल्या. ब्रेट आणि कोल हे दोघेही छायाचित्रकार झाले. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याचे काम कोल यांनी पुढे चालवले. वेस्टन यांचा संग्रह टुसान येथील अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफी या संस्थेत जतन केला आहे.