नाना फडणीस

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर ह्या शहरांच्या परिसरातून मलंगगडाचा उभा कडा दृष्टीस पडतो. इ. स. १७८० मध्ये इंग्रजी फौजेने ह्या गडाची माची घेतली. पण माथ्यावरील बालेकिल्ला मराठ्यांनी सोडला नाही. त्या काळी इंग्रजांशी चाललेल्या युद्धाची सूत्रे पुण्याहून एक कृश देहाचे कारभारी हालवीत होते. तलवारीसाठी त्यांची ख्याती नव्हती. लेखणी आणि बातमी हीच त्यांची शस्त्रे होती. ते मुत्सद्दी म्हणजे नाना फडणीस.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. फडणिशी, म्हणजे राज्याचे हिशेब व दप्तर सांभाळण्याचे काम, त्यांच्या घराण्यात चालत आले होते. वडिलांच्या निधनानंतर कोवळ्या वयातच ते नानांकडे आले. १७६१ साली पानिपतच्या रणातून ते जिवानिशी सुटले. परंतु त्यांची आई त्या आपत्तीत अंतरली.

१७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांना गादी मिळू नये म्हणून कारभारी एकत्र आले. त्यांनाच बारभाई म्हणतात. त्यांनी बाल सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालविले. राघोबांनी मुंबईकर इंग्रजांचा आश्रय घेतला आणि युद्ध पेटले.

नानांनी दप्तराची शिस्त राजकारणात आणली. दिल्ली, हैदराबाद इत्यादी दरबारांतून वकील व अखबारनवीस पुण्यास सतत पत्रे धाडीत. एका ठिकाणची बातमी दुसऱ्या पत्राशी ताडून पाहता येई. पत्रे मोडी लिपीत झरझर लिहिली जात आणि जासूद ती घेऊन बहुधा जोडीने निघत. रोजचा हिशेब रोज लिहिणाऱ्या दप्तरात बातमीचीही तशीच निगा राखली जाई.

ह्या दक्षतेची कसोटी लवकरच लागली. १७७८ च्या अखेरीस सुमारे ३,९०० सैनिकांची इंग्रजी फौज राघोबांना गादीवर बसविण्यासाठी पनवेलमार्गे बोरघाटाकडे निघाली. तिच्याबरोबर ओझ्याचे सुमारे १९,००० बैल होते. सेनापती कर्नल एगर्टन ह्याला एकट्याने निर्णय घेण्याची मुभा नव्हती. त्याच्या जोडीला एक समिती होती. कोणाला कोणता मान मिळावा ह्यावरूनही तेथे वाद झाले. फौज गोगलगायीच्या गतीने सरकत होती. मराठ्यांनी तिचा दाणागोटा तोडला, वाटेवरची गावे उजाड केली.

तळेगावास पोहोचल्यावर समितीचा धीर खचला. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री गुपचूप माघार घ्यावी असे ठरले. अवजड तोफा तळ्यात लोटल्या, सामानाला आग लावली आणि फौज अंधारात निघाली. ज्यांना लपून जायचे होते, त्यांनीच आपल्या मागे जाळ पेटविला होता! पहाट होण्यापूर्वीच मराठे तिच्यावर तुटून पडले. महादजी शिंदे आदी सरदारांनी तिला वडगाव येथे कोंडले. १६ जानेवारीस इंग्रजांना तह करावा लागला. वरिष्ठ सरकारने तो नाकारला, तरी १७८२ च्या सालबाईच्या तहात सवाई माधवरावांचे पेशवेपद इंग्रजांना मान्य करावेच लागले.

नानांच्या कारभारात एक उणीवही होती. साऱ्या दोऱ्या त्यांनी आपल्याच हाती ठेवल्या आणि पुढे मोठ्या सरदारांशी त्यांचे सूत जुळले नाही. १७९५ साली सवाई माधवराव वारले. त्यानंतर गृहकलह माजला. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नानांना कैद केले. पुढे सुटका झाली, पण पूर्वीची एकजूट परतली नाही. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, दप्तराची ती शिस्त ढासळली आणि १८१८ साली पेशवाईही बुडाली. राज्याचे गुपित केवळ कुलपाने सुरक्षित राहत नाही. नेमून दिलेले काम नेटके करणारी, एकमेकांवर विश्वास ठेवणारी आणि जिभेवर ताबा असणारी माणसेच ते राखतात. अशी माणसे घडविणे आणि आपल्यामागे ती राहतील अशी तजवीज करणे, हेही राज्यकर्त्याचेच कर्तव्य होय.