मादलेन व्हियोने
मादलेन व्हियोने (२२ जून, १८७६ – २ मार्च, १९७५) या फ्रेंच वेशभूषा-रचनाकार होत्या. उरेब कापाच्या संध्यावस्त्रांसाठी त्या विशेष प्रसिद्ध आहेत.

जीवन
फ्रान्समधील लुआरे प्रांतात एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून त्या शिवणकाम शिकू लागल्या. कमी वयातच त्यांचा विवाह झाला. परंतु लहानग्या मुलीच्या मृत्यूनंतर तो मोडला आणि त्या लंडनला गेल्या. पुढे पॅरिसमध्ये कालो भगिनी आणि झाक दूसे यांच्या वस्त्रगृहांत त्यांनी काम केले. १९१२ साली त्यांनी स्वतःचे वस्त्रगृह काढले. पहिल्या महायुद्धात ते बंद पडले. युद्धानंतर ते पुन्हा सुरू झाले.

कार्य
कापड उभ्या-आडव्या धाग्यांना तिरके कापले, की ते ताणले जाते आणि अंगासरशी बसते. पूर्वी या कापाचा उपयोग मुख्यतः वस्त्राच्या लहान भागांपुरता होई. व्हियोने यांनी संपूर्ण वस्त्र त्यावर उभारले. कागदावर आराखडा काढण्याऐवजी त्या लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून रचना करीत. त्यामुळे स्त्रियांना घट्ट काचोळीविना वावरता येईल असे वस्त्र मिळाले. हे वस्त्र टांगलेले असताना आकारहीन दिसते. अंगावर चढल्यावरच त्याचा घाट उमटतो. टांगून ठेवल्यास ते स्वतःच्या वजनाने लांबते, म्हणून संग्रहालयांत ते आडवे ठेवतात.

त्यांच्या रचनांची सर्रास नक्कल होत असे. त्याविरुद्ध त्यांनी न्यायालयात दाद मागितली. प्रत्येक वस्त्राची पुढून, मागून व बाजूने छायाचित्रे काढून ती वहीत ठेवली जात आणि वस्त्राच्या पट्टीवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटवला जाई. ज्या हातांना लहानपणी केवळ मजुरी मिळाली, त्यांचाच ठसा पुढे अस्सलपणाची खूण ठरला. आजही संग्राहक तो ठसा आवर्जून शोधतात.

आपल्या कामगार स्त्रियांना त्यांनी पगारी रजा, बाळंतपणाची रजा, भोजनगृह आणि वैद्यकीय उपचार यांची सोय करून दिली. त्या काळात असे क्वचितच घडे.

उत्तरायुष्य
दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ साली वस्त्रगृह बंद झाले. १९५२ साली त्यांनी आपली वस्त्रे व छायाचित्रवह्या पॅरिसमधील वेशभूषाविषयक संस्थेला दान केल्या. हा ठेवा आता तेथील शोभाकला संग्रहालयात आहे. वयाच्या ९८ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.