बार्टल फ्रियर
सर हेन्री बार्टल एडवर्ड फ्रियर (जन्म : २९ मार्च १८१५, मृत्यू : २९ मे १८८४) हे ब्रिटिश प्रशासक आणि १८६२ ते १८६७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. आशियातील पहिली टपाल तिकिटे त्यांच्या पुढाकाराने सिंध प्रांतात निघाली.

कारकीर्द
वेल्समध्ये जन्मलेले फ्रियर १८३४ मध्ये मुंबईच्या सनदी सेवेत दाखल झाले. १८४७ मध्ये ते साताऱ्याचे रेसिडेंट झाले. पुढील वर्षी छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांचे निधन झाले, तेव्हा राज्य खालसा करण्यास फ्रियर यांनी विरोध दर्शविला. तो मानला गेला नाही. खालसा झालेल्या साताऱ्याचा कारभार मात्र त्यांच्याकडेच सोपविण्यात आला.

सिंध डाक
१८५० मध्ये सिंधचे कमिशनर झाल्यावर त्यांनी पायी जासुदांऐवजी घोडे व उंट यांची डाक सुरू केली आणि अंतर न पाहता अर्धा आणा हा एकच दर ठेवला. त्यासाठी १ जुलै १८५२ रोजी तिकिटे निघाली. त्यांवर ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी चिन्ह होते. पांढऱ्या व निळ्या तिकिटांखेरीज लाल तिकीट लाखेचे असल्याने ते सहज तडकत असे. ऑक्टोबर १८५४ मध्ये सर्व भारतासाठी तिकिटे आल्यावर ही बंद झाली व उरलेला साठा नष्ट करण्यात आला. त्यामुळे अखंड लाल तिकीट आज संग्राहकांच्या दृष्टीने अत्यंत दुर्मिळ व मौल्यवान मानले जाते.

उत्तरायुष्य
त्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले. १८७७ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत उच्चायुक्त झाले. १८७९ च्या झुलू युद्धाचा ठपका येऊन १८८० मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. विंबल्डन येथे त्यांचे निधन झाले.